खोल छातीची नोंद

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत जन्मजात आत दबलेल्या छातीला क्यू ६७.६ हा कोड आहे. पुढे आलेल्या, कबुतरासारख्या छातीला क्यू ६७.७, आणि या दोन्हींत न बसणाऱ्या जन्मजात वेड्यावाकड्या छातीला क्यू ६७.८. त्याच पानावर वरच्या ओळींत कोण आहे ते पाहावे: चेहऱ्याचा तिरपेपणा, दाबाने चेपलेला चेहरा, लांबट डोके, एका बाजूने चपटे झालेले डोके, वाकडा कणा. छातीच्या मधले हाड, म्हणजे उरोस्थी, मुळात तयारच न होणे, ती दुभंगलेली असणे, मानेत जादा बरगडी असणे हे दोष मात्र बरेच पुढे, क्यू ७६ मध्ये, मणके आणि छातीच्या हाडांच्या रचनादोषांत टाकले आहेत. म्हणजे एकाच पिंजऱ्याच्या तक्रारी दोन कप्प्यांत विभागल्या. पहिल्या कप्प्यात अवयव नीट घडला, पण आकाराने बिघडला असे गृहीत आहे. दुसऱ्यात घडणच चुकली असे. ही वाटणी कारकुनी सोयीची वाटते, पण तिच्यामागे शंभरहून अधिक वर्षांचे एक मत दडलेले आहे. या विकाराच्या नोंदीचा इतिहास तपासला की एक गोष्ट लक्षात येते. नोंदीने त्याला नाव दिले, जागा दिली, पुढे किंमतही दिली. पण तो किती आहे, हे कधी विचारले नाही. खोल छाती हा आजार की नुसता रूपाचा दोष, हा वाद आजही रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीशी येऊन थांबतो. माझ्या मते तो वैद्यकाच्या अज्ञानातून जेवढा आला, त्याहून अधिक नोंदीतल्या या रिकाम्या रकान्यातून आला आहे.

विकार तसा दुर्मीळ नाही. साधारणपणे तीनशे ते चारशे जन्मांमागे एकाच्या छातीला अशी खळी असते, आणि मुलग्यांत तिचे प्रमाण मुलींच्या चौपट ते पाचपट. बरगड्यांना उरोस्थीशी जोडणाऱ्या कूर्चा वेड्यावाकड्या वाढतात आणि उरोस्थीचा खालचा भाग कण्याच्या दिशेने ढकलला जातो. जन्मजात म्हणवला जाणारा हा दोष पुष्कळांच्या बाबतीत नजरेत भरतो तो वयात येताना, उंची झपाट्याने वाढू लागली की. खळी उथळ असेल तर माणूस आयुष्यभर काहीच न जाणवता जगतो. ती खोल असेल तर हृदय डावीकडे सरकते, उजवा कप्पा दबतो आणि जिना चढताना धाप लागते. या दोन माणसांत बराच फरक आहे. कोड मात्र एकच.

कोड येण्यापूर्वीच्या नोंदी अगदी उलट्या स्वभावाच्या होत्या. योहान बाउहिन यांनी वर्णिलेला, आत वळलेल्या उरोस्थीमुळे श्वासाचा त्रास होणारा मुलगा १५९४ च्या सुमारास योहानेस शेंक यांच्या वैद्यकीय निरीक्षणांच्या संग्रहात आला. ज्या ग्रंथाच्या नावातच दुर्मीळ, नवल वाटावे अशा आणि विचित्र गोष्टींचा उल्लेख आहे, त्यात ही नोंद असावी हे त्या काळाला साजेसेच. पण बाउहिन नुसता आकार सांगून थांबत नाहीत, आकार आणि श्वास यांचे नाते सांगतात. पुढे १८२० मध्ये कूल्सन यांनी तीन भावांची अशी छाती नोंदवली. १८७२ मध्ये विल्यम्स यांनी एका सतरा वर्षांच्या मुलाबरोबर त्याच्या वडिलांची आणि भावाची छातीही लिहून ठेवली. आनुवंशिकता हा शब्द वैद्यकात नीट रुळण्याआधीच केस पेपरवर कुळाची नोंद होऊ लागली होती, असे म्हणायला हरकत नाही. मग १८८२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म एब्श्टाइन यांनी नरसाळ्यासारख्या छातीवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि विकाराला स्वतःचे नाव मिळाले. या सगळ्या नोंदी माणसागणिक वेगळ्या आणि तपशिलाने भरलेल्या होत्या. मोजणीच्या दृष्टीने त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण एकाचे वर्णन दुसऱ्याशी ताडून पाहायला सामाईक मापच नव्हते.

त्याच काळात कारणांविषयी जी मते मांडली गेली, त्यांचा ठसा पुढे वर्गीकरणावर उमटला. एब्श्टाइन यांचा रोख उरोस्थीच्या वाढीतल्या दोषाकडे होता. त्यांच्याच पिढीतल्या त्सुकरकांडल यांनी गर्भाशयात बाळाची हनुवटी छातीवर दाबली जाते आणि त्याने खळी पडते असे सुचवले. खळी जन्मानंतरही पडते, हे तर लोकांच्या डोळ्यांसमोर होते. जर्मन चर्मकार बूट शिवताना लाकडी साचा उरावर टेकवत, आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने त्यांच्या उरोस्थीच्या खालच्या भागाला खोलगा पडे. मोच्याची छाती म्हणून वैद्यकात तिची वेगळी ओळख होती. मुडदूस झालेल्या पोरांच्या बरगड्या मऊ पडून छाती वाकडी होई, ती निराळी. दुप्युत्राँ यांनी १८२८ मध्ये सुजलेल्या टॉन्सिल्सबरोबर दिसणारी, कडेने दबलेली छाती वर्णिली होती. तेव्हा बाहेरचा दाब, बसण्याची ढब, खाणेपिणे यांनी छाती बिघडते ही समजूत निराधार नव्हती. ती काही छात्यांच्या बाबतीत खरी होती. चूक एवढीच झाली की जन्मजात खळीही त्याच ओळीत नेऊन बसवली गेली.

आता मोजणीकडे वळू. झाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या सांख्यिकी परिषदेत मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९०० मध्ये पॅरिसला २६ देशांचे प्रतिनिधी जमले आणि १७९ गटांची सविस्तर यादी मान्य झाली. या यादीचे काम मेलेल्यांची मोजदाद करणे हे होते. खोल छातीने माणूस सहसा मरत नाही; त्यामुळे अर्धशतकभर त्या हिशेबात तिला स्वतःचे स्थान असण्याचे कारणच नव्हते. १९४८ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली आणि पहिल्यांदा जिवंत माणसांचे आजारही यादीत घेतले. मरण मोजण्यासाठी आखलेल्या चौकटीत जगण्याच्या तक्रारी बसवल्या गेल्या, आणि चौकटीचा मूळ स्वभाव टिकून राहिला. मृत्यूला कमी-जास्त नसते, म्हणून मृत्यूच्या यादीत प्रमाणाचा रकाना लागत नाही. खोल छातीला तो लागतो.

नववी आवृत्ती १९७५ ची. तिच्यावर बेतलेली अमेरिकेची सुधारित यादी १९७९ पासून ३० सप्टेंबर २०१५ पर्यंत चालली. तीत खोल छातीला ७५४.८१ आणि कबुतरछातीला ७५४.८२ हे आकडे होते. ७५४ या गटाच्या मथळ्याखालीच खुलासा होता की गर्भाशयातल्या चुकीच्या स्थितीमुळे आणि दाबामुळे होतात असे मानले जाणारे आकारदोष येथे घ्यावेत. त्सुकरकांडल यांची १८८० च्या आसपासची हनुवटी अशी २०१५ पर्यंत अमेरिकेतल्या प्रत्येक रुग्णालयाच्या कोडपुस्तकात टिकून होती. शेजारी होते जन्मतः वळलेले हात आणि निखळलेले कोपर. दहाव्या आवृत्तीत तो खुलासा गेला, शेजार मात्र बव्हंशी तोच राहिला. आजच्या शस्त्रवैद्यांना कूर्चेच्या वाढीत दोष दिसतो. अशा रुग्णांच्या मोठ्या समूहांत चाळीस टक्क्यांच्या आसपास कुटुंबांत हाच विकार आढळतो. मार्फान विकारासारख्या संयोजी ऊतींच्या आजारांशीही त्याचे नाते आहे. यांतल्या कशालाही हनुवटीच्या दाबाने उत्तर मिळत नाही. जागेवरूनच कोणी रुग्णाला क्षुल्लक ठरवतो असे मी म्हणत नाही. केस पेपरला कोड लावणारा कोडर पुस्तकाचा शेजार वाचत बसत नाही, त्याला आकडा हवा असतो. पण आकाराच्या कप्प्यात बसलेल्या गोष्टीला आकाराची गोष्ट समजणे सोपे जाते, आणि त्याच पुस्तकात पुढे झेड ४१.१ हा रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा कोड तयारच आहे.

शस्त्रवैद्य मात्र या काळात किती हाच प्रश्न घेऊन झगडत होते. १९११ मध्ये मायर यांनी आणि १९१३ मध्ये साउअरब्रुख यांनी सुरुवातीच्या शस्त्रक्रिया केल्या. साउअरब्रुख यांचा रुग्ण अठरा वर्षांचा होता. धाप आणि धडधड यांमुळे वडिलांच्या घड्याळाच्या कारखान्यात त्याच्याने काम होईना. शस्त्रक्रियेनंतर तो रोज बारा ते चौदा तास न थकता काम करू लागला, अशी नोंद आहे. इथे कामाचे तास हेच मोजमाप झाले, आणि ते वाईट मोजमाप नव्हते. १९४९ मध्ये मार्क रॅविच यांनी आठ रुग्णांच्या अनुभवावर आपली पद्धत मांडली: बिघडलेल्या कूर्चा काढायच्या, उरोस्थी कापून वर उचलायची. हा विकार हृदयाचा कोंडमारा करतो असे ते आग्रहाने सांगत. विरोधकांचा मुद्दाही साधा होता: रुग्णाला पलंगावर निजवून तपासले तर काहीच सापडत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत बायझर आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांच्या हृदयात नळी घालून, त्यांना उभ्याने व्यायाम करायला लावून मोजणी केली. आडवे असताना ठीक वाटणारे हृदय उभ्याने जोर केल्यावर कमी पडत होते, आणि शस्त्रक्रियेनंतर त्यात सुधारणा झाली. सहाच रुग्ण, म्हणून निष्कर्ष जपून वापरायला हवा. पण तपासणी कशी केली यावर काय नोंदवले जाते हे ठरते, ही गोष्ट त्या सहांनीही पुरेशी दाखवून दिली.

आकडा दिला तो १९८७ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या अॅलेक्स हॅलर यांनी. सीटी स्कॅनवर छातीची आतली रुंदी घ्यायची, तिला उरोस्थी आणि कणा यांच्यातल्या सर्वांत कमी अंतराने भागायचे. सर्वसाधारण छातीत भागाकार अडीचच्या आसपास येतो. ज्यांना शस्त्रक्रिया लागली होती त्यांचा ३.२५ च्या वर गेला. हॅलर यांनी हे प्राथमिक निवेदन म्हणूनच छापले होते, आणि त्यातले रुग्ण तीस-पस्तीसच होते. तरी पाहता पाहता ३.२५ हा जगभर उंबरठा झाला. त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या नॉरफोक येथे डोनाल्ड नस यांनी कूर्चा न काढता उरोस्थीखालून वक्र पोलादी पट्टी सरकवून ती उचलण्याची पद्धत सुरू केली. दहा वर्षांच्या अनुभवानंतर १९९८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वेदना तीव्र असल्या तरी छातीवर मोठी चीर नसल्याने रुग्ण वाढले. रुग्ण वाढले तसा पैशाचा प्रश्नही आला.

पैसा आणि कोड यांची गाठ त्याआधीच पडली होती. अमेरिकेत १९८३ पासून मेडिकेअर ही सरकारी योजना रुग्णालयांना निदानगटानुसार ठरावीक रक्कम देऊ लागली. मोजण्यासाठी जन्मलेला आकडा तेव्हापासून दर सांगू लागला. शस्त्रक्रियांच्या अमेरिकी कोडपुस्तकातही हेच दिसते. छाती उघडून केलेल्या दुरुस्तीला २१७४०. नस पद्धतीला दुर्बीण न वापरता २१७४२, दुर्बीण वापरून २१७४३. शस्त्रवैद्याचे नाव कोडच्या वर्णनात आले, दुर्बीण होती की नव्हती हे आले. छाती आत दबलेली होती की पुढे आलेली, हे मात्र तिन्हींत एकत्रच आहे, आणि किती, याचा पत्ता नाही. तो पत्ता विमा कंपन्यांनी आपल्या नियमपुस्तकांत घातला: हॅलर यांचा भागाकार इतका हवा, फुप्फुसांची क्षमता इतकी घटलेली हवी, हृदयावर दाब दिसायला हवा. म्हणजे वर्गीकरणाने जो प्रश्न टाळला, त्याचे उत्तर पैसे देणाऱ्याने ठरवले. इंग्लंडमध्ये तर २०१९ मध्ये सरकारी आरोग्यसेवेने उपयोगाचा पुरावा अपुरा म्हणून ही शस्त्रक्रिया नेहमीच्या सेवेतून बाहेर काढली. पुढे अतितीव्र रुग्णांपुरते दार किलकिले केले. पुरावा अपुरा का राहिला, याचे एक कारण उघड आहे. उथळ आणि खोल छाती एकाच आकड्याखाली साठवत गेलो तर कोणाला किती फायदा झाला हे जुन्या नोंदींतून वेगळे काढता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कोडचे काम गणना, बारकावे केस पेपरने सांभाळावेत. सगळी तीव्रता कोडमध्ये कोंबली तर पुस्तक फुगेल. पण वर्गीकरणाला जिथे वाटले तिथे त्याने किती हे खुशाल विचारले आहे. भाजलेल्या रुग्णाच्या शरीराचा किती टक्के भाग भाजला यासाठी टी ३१ हा आख्खा गट आहे. नवजात बाळाचे वजन हजार ग्रॅमच्या आत की बाहेर, यावर पी ०७ चे कोड बदलतात. अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमांना पायऱ्या आहेत. दहाव्या आवृत्तीवर बेतलेली अमेरिकी यादी सत्तर हजारांच्या घरात कोड बाळगून आहे. तिला जागेची चणचण आहे असे कोणी म्हणू नये. अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, मुख्य कोडला सौम्य, मध्यम, तीव्र अशी जोड देता येते. सोय झाली. पण तीव्र म्हणजे काय, हे छातीपुरते तरी कोडने सांगितलेले नाही, आणि जोड देणे सक्तीचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आकडा म्हणजे रुग्ण नव्हे. हॅलर यांचा भागाकार श्वास घेताना एक येतो, सोडल्यावर दुसरा. ज्याची छाती मुळात चपटी आणि रुंद आहे त्याचा आकडा खळी उथळ असूनही चढतो; पिंपासारख्या छातीत खोल खळीही आकड्यात लपते. म्हणूनच २०११ मध्ये सेंट पीटर आणि सहकाऱ्यांनी खळीची खोली थेट मोजणारा दुसरा निर्देशांक मांडला. शिवाय अंगावरचा शर्ट काढायला लाजणारा, पोहायला न जाणारा मुलगा कुठल्याच भागाकारात सापडत नाही. हे सगळे मान्य. पण यातून मोजू नये असे निघत नाही. एकाच मापावर विसंबू नये एवढेच निघते. मोजण्याचे महत्त्व हॅलर यांनीच १९९६ मध्ये दुसऱ्या बाजूने दाखवले. फार लहान वयात आणि फार मोठी शस्त्रक्रिया झालेल्या मुलांच्या छातीची वाढ पुढे खुंटली, पिंजराच आखडला, हे त्यांनी अशा काही मुलांच्या नोंदी लावून सिद्ध केले. किती वर्षांचा असताना, किती कूर्चा काढल्या, हे लिहिलेले नसते तर हे नुकसान मूळ दोषाच्याच खात्यावर गेले असते. सविस्तर नोंद शस्त्रक्रिया मिळवून देण्यासाठीच असते असे समजू नये. नको असलेली शस्त्रक्रिया तीच टाळते.

या कथेचा एक धागा आपल्याकडे येतो, आणि तो दुहेरी आहे. अमेरिकी रुग्णालयांच्या कागदांना कोड लावण्याचे काम गेली काही दशके भारतात होते. चेन्नई, हैदराबादप्रमाणे पुणे आणि नवी मुंबईतही जीवशास्त्र, नर्सिंग, फार्मसी शिकलेली मुले-मुली ते करतात. त्या धंद्याचा पहिला नियम असा की डॉक्टरने लिहिले नाही ते झालेच नाही. सीटीच्या अहवालात ४.१ आकडा दिसत असला, तरी त्याचा अर्थ डॉक्टरने स्वतः लिहिल्याशिवाय कोडरला त्यावरून काही ठरवता येत नाही. धाप लिहिली तर आर ०६.० खालचा कोड लागतो, धडधड लिहिली तर आर ००.२. नाही लिहिली तर उरतो तो एकटा क्यू ६७.६. दुसरीकडे आपल्याच मेडिक्लेम पॉलिसीत जन्मजात दोषांची व्याख्या शरीराच्या दिसणाऱ्या भागातला तो बाह्य आणि न दिसणाऱ्या भागातला तो आंतरिक अशी आहे. पुष्कळ पॉलिस्या बाह्य दोष वगळतात. आता खळी बाहेरून दिसते आणि सरकलेले हृदय आत आहे. हा दोष कोणत्या बाजूचा? विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या प्रमाणित अपवादांत रूप बदलण्यासाठीचे उपचार वगळले आहेत. आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार असेल तर तो त्या अपवादात येत नाही, पण तसे उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित करावे लागते. म्हणजे निकाल पुन्हा कागदावर काय लिहिले आहे यावर येतो.

तेव्हा घरात अशी छाती असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर डॉक्टरांकडून केस पेपरवर नुसते निदान लिहून घेऊ नये. हॅलरचा भागाकार आणि तो श्वास घेऊन काढला की सोडून, हृदय किती सरकले, उभ्याने श्रम केल्यावर काय होते, त्रास कोणत्या वयात सुरू झाला, घरात आणखी कोणाची अशी छाती आहे का, हे सगळे तारखेसह लिहून मागावे, आणि शस्त्रक्रियेची गरज नाही असे ठरले तर तेही कारणासह लिहून घ्यावे.